पाण्यातला चौथा दिवा

मित्रांनो, आज मी एका लाकडी कोठीत खिळ्याला टांगलेला आहे. माझ्या काचेवर शिंपल्यांचे पांढरे वळ उरले आहेत आणि माझी तार मुळाशी कापलेली आहे. पाहणाऱ्याला मी एखादी मोठी घंटा वाटेन. पण मी घंटा नाही. मी पाण्याखाली जळणारा एक जुना दिवा आहे. समुद्रात रात्र होऊ न देणे हे माझे काम होते.

माझा जन्म नॉर्वेच्या दक्षिणेकडील एका कारखान्यात झाला. जाड काच, वर धातूचे झाकण आणि दोहोंच्या मध्ये काळ्या रबराचे कडे, एवढेच माझे शरीर. तिथल्या एका बाईने मला पाण्याच्या टाकीत सोडले आणि पहिल्यांदा पेटवले. कुठून बुडबुडा येतो का, ते ती डोळे बारीक करून पाहत राहिली. बुडबुडा आला नाही. मग तिने माझ्या गळ्याशी एक पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले होते, ‘पाण्याबाहेर पेटवू नये.’ माझी उष्णता थंड पाणी ओढून घेते. हवेत पेटवले, तर थोड्याच वेळात माझी काच तडकते. इतर दिव्यांना पाण्याचे भय असते, मला हवेचे होते.

तिथून मी जहाजाने उत्तरेला आलो. ज्या बेटावर आलो तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यात कित्येक आठवडे मावळत नाही. बेटावर हिल्मार नावाच्या एका म्हाताऱ्या कोळ्याची मत्स्यशेती होती. मत्स्यशेती म्हणजे समुद्रात तरंगणारी दोन मोठी गोल कडी आणि त्यांना खाली लोंबणारी खोल जाळी. या जाळ्यांना ते पिंजरे म्हणत. एक धक्क्याजवळचा, आतला. दुसरा खाडीच्या तोंडाशी, बाहेरचा. दोन्हींत सॅल्मन मासे होते, आतल्यात लहान आणि बाहेरच्यात विक्रीच्या बेताचे. हिल्मारचा मुलगा स्टुर्ला आणि सून रानवेग तिथे काम करत. मदतीला आर्न्ट नावाचा पन्नाशीचा शेजारी होता. एवढीच माणसे.

रानवेग शहरात माशांचे शास्त्र शिकून आली होती. आम्हा दिव्यांना तिनेच मागवले होते. आम्ही आलो त्या दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर गरम वॅफल आणि तपकिरी चीज ठेवले आणि सगळ्यांना दिव्यांचे काम समजावून सांगितले. आम्ही चौघे दाराशी खोक्यात होतो. त्यामुळे आम्हालाही ते कळले. ते तुम्हालाही सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे.

सॅल्मन नदीत जन्मतो आणि समुद्रात येऊन मोठा होतो. मग एका वर्षी त्याचे शरीर ठरवते, की आता वयात यायचे. असे ठरले की त्याची भूक मंदावते. चांदीसारखे अंग तपकिरी होते. नराच्या खालच्या जबड्याला आकडा येतो आणि मादीच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, भरते. मांसातला लाल रंग निघून कातडीत आणि अंड्यांत जातो. मग तो आपली नदी शोधत परत जातो. नदीतल्या माशाच्या जगण्याचा हाच अर्थ असतो. पण पिंजऱ्याला नदी नसते. तिथे वयात आलेला मासा नुसता खंगतो. खारे पाणी त्याला सोसेनासे होते, मांस फिके आणि सैल पडते, आणि तो कुणी विकत घेत नाही.

वयात यायचे की नाही, हे मासा उजेडावरून ठरवतो. रात्र किती लांब आहे, दिवस कसा वाढतो आहे, हे त्याचे शरीर मोजत असते. ऐन हिवाळ्यात त्याच्याभोवती एकाएकी न संपणारा दिवस उगवला, तर त्याचे पंचांग चुकते. तयारी पुरी होण्याआधीच वेळ निघून गेली, असे त्याच्या शरीराला वाटते. मग ते म्हणते, या वर्षी राहू दे. आणि तो पुढच्या वर्षापर्यंत चांदीसारखाच राहतो.

“मात्र उजेड सलग हवा,” रानवेग म्हणाली, “आणि पिंजऱ्याच्या सगळ्या बाजूंना. जिथे अंधार राहील तिथे मासा रात्र मोजणार.”

आर्न्टचे लग्न झालेले नव्हते. तो वॅफल खाता खाता म्हणाला, “आता कळलं. माझ्या आईनं माझ्या खोलीत असलाच दिवा लावला असणार.”

स्टुर्ला इतका हसला की त्याच्या हातातली कॉफी सांडली. ते हसणे मी पुढे बरीच वर्षे पाण्याखालून ऐकले.

नवे वर्ष उजाडले, की आम्हा चौघांना बाहेरच्या पिंजऱ्यात सोडत. उजाडले, असे आपले म्हणायचे. तेव्हा तिथे उजाडत नसेच. दुपारी थोडा वेळ आकाश निळसर होई आणि पुन्हा काळे पडे. अशा त्या काळ्या पाण्यात आम्ही खाली उतरत असू आणि चार हिरवट गोल उमटत. मग मासे येत. हजारो चंदेरी अंगे माझ्याभोवती एकाच दिशेने फिरू लागत. त्यांचे डोळे मिटत नाहीत, कारण त्यांना पापण्या नसतात. मी त्यांच्या डोळ्यांत जळत असे. जूनमध्ये सूर्य मावळेनासा झाला, की आम्हाला वर काढत, शेवाळ खरवडत, पुसत आणि कोठीत ठेवत.

त्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. बाहेरच्या पिंजऱ्यातला मासा शरद ऋतूत जसाच्या तसा चंदेरी निघे. मुख्य भूमीवरची एक मोठी कंपनी ही जागा विकत घ्यायला टपलेली होती. दरवर्षी तिची माणसे यायची. हिल्मार त्यांना कॉफी पाजायचा, वॅफल द्यायचा आणि नाही म्हणायचा. तो नाही म्हणू शकत होता तो बाहेरच्या पिंजऱ्याच्या जोरावर, आणि बाहेरचा पिंजरा आमच्या जोरावर होता. रानवेग मला पुसताना म्हणायची, चौथा सगळ्यांत चांगला जळतो. मला अभिमान वाटे.

तरी एक गोष्ट मनात राहायची. कधी खाडीच्या आतल्या नदीला पूर आला, की तिचे गोडे पाणी तरंगत पिंजऱ्यापर्यंत येई. तेव्हा गोल फिरणाऱ्यांतला एखादा मासा क्षणभर थबकायचा. तोंड नदीकडे करून तसाच थांबायचा. मग पुन्हा माझ्याकडे वळायचा. त्याला काय आठवायचे असेल, मला माहीत नाही. आठवू न देणे हेच तर माझे काम होते.

आता मी त्या फेब्रुवारीकडे येतो.

पश्चिमेकडून वादळ आले आणि दोन दिवस थांबले नाही. लाटांनी पिंजऱ्याचे कडे वाकवले. माझ्या तारेच्या जोडात पाणी शिरले आणि मी विझलो. मी विझलो तरी अंधार पाहिला नाही, कारण बाकीचे तिघे जळतच होते. वारा पडला तेव्हा, हे मी पुढे धक्क्यावर ऐकले, रानवेगने खिडकीतून पाहिले. पाण्यात तीनच गोल होते. तिने ते बोलून दाखवले. उजेडात खंड पडू नये हा तिचाच नियम होता, आणि घरातल्या सगळ्यांना तो पाठ होता. स्टुर्ला बूट चढवू लागला. आर्न्ट यायची वाट बघ, असे ती म्हणाली. तोवर दुपारचा निळा उजेड जाईल, असे तो म्हणाला.

“कॉफी ठेव,” दारातून तो म्हणाला. “उकळेपर्यंत आलोच.”

माझ्या वर होडीचे पोट आले. कड्याला दोर बांधल्याचा धक्का मला जाणवला. बर्फ साचलेल्या फळ्यांवरून त्याची पावले फिरली. जोडाची पेटी कड्यावरच होती. ती उघडल्याचा, पुसल्याचा आणि बंद केल्याचा आवाज झाला. मग मी पेटलो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रानवेगने चौथा गोल उमटलेला पाहिला. तिने कॉफी चुलीवर ठेवली.

मित्रांनो, मला माझ्या उजेडाच्या गोलापुरतेच दिसते. त्याच्या पलीकडे काय झाले ते मला दिसले नाही. वरची पावले थांबली, एवढे कळले. होडीचे पोट माझ्या वर तसेच हलत राहिले, आणि मासे फिरत राहिले. कॉफी उकळून भांड्याबाहेर गेली तरी स्टुर्ला आला नाही. आर्न्ट गेला तेव्हा होडी कड्याला नीट बांधलेली होती. तिच्यात कुणी नव्हते.

त्या बेटावर माणूस समुद्रात हरवला, की कुणाला बोलवावे लागत नाही. आजूबाजूच्या बेटांवरून होड्या आल्या. नांगर टाकण्याच्या जागेवरून भांडण होऊन ज्यांचे हिल्मारशी वर्षानुवर्षे बोलणे नव्हते, तेही आले आणि काही न बोलता शोधायला लागले. त्या खाडीत आमच्याइतका प्रखर उजेड दुसरा नव्हता. म्हणून आम्हा चौघांना पिंजऱ्यातून काढले आणि चार होड्यांच्या पोटाखाली टांगले. आम्ही तळाजवळून फिरलो. खडक पाहिले, लांबलचक शेवाळ पाहिले, जुने नांगर पाहिले. होडीवरून कुणीतरी सारखे खाली बघत असे. जे शोधत होतो ते माझ्या गोलात आले नाही.

काही दिवसांनी शोधाला आलेली सरकारी बोट परत गेली. मग बेटावरच्या होड्याही एक एक करून थांबल्या. तिघा दिव्यांना पुन्हा पिंजऱ्यात सोडले. मला उचलायला आर्न्ट धक्क्यावर आला तेव्हा रानवेग तिथे उभी होती.

“हा इथेच राहू दे,” ती म्हणाली.

खाडीतला प्रवाह असा आहे, की समुद्रात हरवलेले जे काही परत येते ते त्या धक्क्यापाशी येते. सुटलेले तरंगते गोळे, वल्ही, तुटलेल्या जाळ्या, सगळे तिथेच लागते. शिवाय समुद्रावर गेलेला माणूस घरी येईपर्यंत समुद्राकडचा दिवा विझवायचा नाही, ही तिथली फार जुनी रीत. घरातले दिवे तर होतेच. पण तिने मला ठेवून घेतले. मी पेटलो याचा अर्थ त्याचे हात तोवर चालत होते. त्याने केलेले शेवटचे काम मी होतो. आर्न्टने माझी तार धक्क्यावरच्या खांबाला जोडली आणि टोपी काढून तो निघून गेला.

त्यानंतर तिच्या दाराशी भांडी येऊ लागली. कुणी मटणाचा रस्सा ठेवी, कुणी माशाच्या वड्या, कुणी गुंडाळलेली गोड भाकरी. ठेवणारा दार वाजवत नसे. कापडाने झाकलेले भांडे पायरीवर ठेवायचे आणि परत फिरायचे. चार दिवसांनी धुतलेले भांडे त्याच पायरीवरून उचलून न्यायचे. दुःखात असलेल्या माणसाला बोलायला लावू नये, अशी त्या लोकांची माया असते. कुणी येऊन तिचे लाकूड फोडून गेले. कुणी छपराचा पत्रा ठोकून गेले. बोलले कुणीच नाही. हिल्मारही नाही. तो रोज तिच्या टेबलावर येऊन बसे, कॉफी घेई, हवेबद्दल एखादे वाक्य बोले आणि उठे. मुलाचे नाव त्याच्या तोंडून गेले ते गेलेच.

धक्क्यावर मात्र दोन माणसे आली, की थोडे बोलणे होई. ते मला ऐकू येत असे.

“चौथ्याचं काय करायचं?” एकदा आर्न्टने विचारले. “पिंजऱ्याची बाहेरची बाजू काळी राहते आहे.”

“असू दे,” हिल्मार म्हणाला.

“नवा मागवू का?”

हिल्मारने बाहेरच्या पिंजऱ्याकडे पाहिले. “तिच्या खिडकीतून दिसतो पिंजरा,” तो म्हणाला. “तिथे पुन्हा चार गोल दिसले तर ती काय समजेल?”

मित्रांनो, नवा दिवा मागवता आला असता. दुकान होते, जहाजही होते. पण नवा दिवा मागवणे म्हणजे तिला सांगणे, की जुन्याची वाट बघणे कधी संपायचे नाही, म्हणजे स्टुर्ला येणार नाही. ते तिला कोण सांगणार? आणि मला मागून नेणे म्हणजेही तेच. म्हणून बाहेरच्या पिंजऱ्यात तीनच दिवे राहिले. एका बाजूला रात्र होऊ लागली. मार्च आला आणि दिवस भराभर वाढू लागला, आणि त्या बाजूच्या माशांनी तो वाढताना मोजला.

रानवेगला हे कळत नव्हते असे नाही. तिच्याइतके कुणालाच कळत नव्हते.

ती रोज धक्क्यावर यायची. फळ्यांवर पालथी पडून खाली बघायची. पाण्याच्या हलण्याने तिचा चेहरा लांब व्हायचा, तुटायचा, पुन्हा जुळायचा. माझ्या गोलात खेकडे यायचे, कॉड माशाची लहान पिल्ले यायची. एकदा लाल रंगाची मुलांची बादली तरंगत आली, एकदा एक वल्हे आले. वल्हे पाहून ती झटकन उठून बसली. पण ते वल्हे दुसऱ्याच कुणाचे होते.

कधीकधी ती माझ्या तारेला हात लावायची. तार खांबाजवळच्या कळीत बसवलेली होती. ती कळ वळवली, की मी विझणार. तिचा हात तिथे थांबायचा आणि ती मागे वळून घरांकडे बघायची. धक्क्याच्या वाटेवर कुणीतरी असायचेच. तिला पाहिले, की ते माणूस हळूच दुसऱ्या वाटेने जायचे. तिला एकटे राहू द्यावे म्हणून. मग ती हात काढून घ्यायची.

जून आला. सूर्य मावळेनासा झाला. पिंजऱ्यातल्या तिघांना वर काढून धुतले, पुसले. मला कुणी हात लावला नाही. चोवीस तास ऊन होते आणि त्या उन्हाखाली, पाण्यात, मी जळत होतो. माझा उजेड आता कुणालाच दिसत नव्हता. मलाही दिसत नव्हता. माझ्या काचेवर शेवाळ चढले आणि शेवाळावर शिंपले बसले. पूर्वी ते कुणीतरी खरवडायचे.

ऑगस्टमध्ये पहिल्यांदा सूर्य बराच वेळ बुडाला आणि मी पुन्हा दिसू लागलो. त्याच आठवड्यात आर्न्ट बाहेरच्या पिंजऱ्यावर खाणे टाकायला गेला आणि लवकर परत आला. धक्क्यावर हिल्मार जाळे शिवत बसला होता. आर्न्टने त्याच्यासमोर टोपलीतला एक मासा ठेवला. मासा तपकिरी झाला होता आणि त्याच्या जबड्याला आकडा आला होता.

“नवरदेव तयार झाला,” आर्न्ट म्हणाला. ते म्हणून झाल्यावर त्याला आपलीच लाज वाटली असावी, कारण तो मान खाली घालून होडीचा दोर आवळू लागला.

रानवेग आली. तिने गुडघ्यावर बसून आणखी एक मासा चिरला. आत गाबोळी होती, नारिंगी आणि दाणेदार. मांस फिके पडले होते, जुन्या कागदासारखे. तिने सुरी धुतली, मासे टोपलीत ठेवले आणि टोपली झाकली. बाहेरच्या बाजूच्या माशांपैकी किती जण वयात आले असतील, हे विचारायची गरज कुणालाच पडली नाही. पुढच्या आठवड्यांत ते वरूनही दिसू लागले. तपकिरी मासे गोल फिरायचे थांबले. ते पिंजऱ्याच्या एकाच कडेला दाटी करून राहिले. नदीच्या कडेला. आर्न्टने हिल्मारला सांगितले, की ते जाळ्यावर उड्या घेतात, नाके सोलली जाईपर्यंत.

मी धक्क्यापाशी होतो. त्यांच्याजवळ नव्हतो. मला फक्त पाण्यातून त्यांच्या आदळण्याचा आवाज येई. वर्षानुवर्षे मी माशांना सांगत आलो होतो, की अजून वेळ आहे, अजून दिवस आहे. या माशांना ते सांगायला मी नव्हतो, म्हणून त्यांना त्यांची वेळ आठवली. मी असतो तर ते वयात आले नसते. मी नव्हतो म्हणून आले. नदी मात्र त्यांना दोन्हीकडे नव्हतीच.

ऑक्टोबरमध्ये बाहेरचा पिंजरा रिकामा केला. चंदेरी मासे थोडे निघाले. बाकीचे टाक्यांत भरून नेले. ते कुठे नेले, हे लहान मुलांना सांगू नये. टाक्या माझ्या वरून गेल्या. मग कड्याचे दोर सोडले आणि रिकामे जाळे धक्क्यावर ओढून आणले. ते ओले, जड जाळे दिवसभर तिथे ठिबकत होते.

संध्याकाळी जेवणे झाल्यावर हिल्मार धक्क्यावर आला. रानवेग आधीच येऊन बसली होती. आता पाच वाजताच अंधार होत असे. दोघे फळ्यांवर पाय खाली सोडून बसले. मी खालून त्यांचे तळवे पाहत होतो. त्या घरात सून सासऱ्याला नावानेच हाक मारायची. तिथे सगळे तसेच बोलतात.

“सोमवारी ती माणसं येतील,” हिल्मार म्हणाला. “या खेपेला मी हो म्हणेन.”

पाण्यात जाळ्याचे थेंब पडत होते.

“तू मागायला हवा होतास, हिल्मार,” मग ती म्हणाली.

“काय?”

“दिवा. तू मागायला हवा होतास.”

“तू देशील तेव्हा घेऊ, असं ठरवलं होतं मी. तुला त्रास नको म्हणून.”

“मी वाट बघत होते,” ती म्हणाली. “रोज. कुणीतरी येईल आणि म्हणेल, रानवेग, आता दे तो. मला एकटीला नाही विझवता आला. आणि कुणी आलंच नाही. सगळे पायरीवर भांडी ठेवून गेले.”

हिल्मारचे पाय हलायचे थांबले. मग त्याने ते केले जे आठ महिन्यांपूर्वी करायला हवे होते. तो म्हणाला, “रानवेग, आता दे तो.”

ती उठली. तिच्या हाताने कळ वळली आणि मी विझलो.

मित्रांनो, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? पाण्यात मी आजवर कधी अंधार पाहिला नव्हता. पाहणार कसा? मी जिथे गेलो तिथे उजेड होता, कारण मी होतो. हिवाळ्यात मी खाली जाई तो जळत, आणि उन्हाळ्यात वर येई तो उन्हात. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी पाण्यात होतो आणि पाणी काळे होते. मला वाटले, हाच तो शेवट.

मग माझ्या काचेजवळून एक कॉडचे पिल्लू गेले आणि त्याच्यामागे पाणी चमकले. निळसर, बारीक, ठिणग्यांसारखे. जाळ्याचा थेंब पडला, तिथे एक ठिणगी फुटली. लाट खांबाला लागली आणि खांबाभोवती उजेडाचे कडे उमटले. शरद ऋतूत त्या समुद्रात डोळ्यांनाही न दिसणारे जीव असतात. पाणी हलले, की ते उजळतात. ते तिथे नेहमीच होते. माझ्या उजेडात ते कुणाला दिसले नव्हते.

धक्क्यावर दोघे उभेच राहिले. हिल्मारने एक खडा उचलला आणि पाण्यात टाकला. जिथे तो पडला तिथून उजेड गोल गोल पसरत गेला.

“स्टुर्लाला हे फार आवडायचं,” तो म्हणाला. “लहान असताना इथे बसून हात दुखेपर्यंत खडे टाकायचा. आईनं जेवायला बोलावलं तरी उठायचा नाही.”

फेब्रुवारीपासून त्याने मुलाचे नाव घेतले नव्हते. रानवेग तिथेच खाली बसली आणि रडली. मोठ्याने रडली. वाटेवरून कुणीतरी येत होते. पावले थांबली आणि या वेळी दुसऱ्या वाटेने गेली नाहीत. आर्न्ट येऊन तिच्या पलीकडे बसला. तो काही विनोद करील असे मला वाटले. त्याने नुसता खडा उचलला आणि टाकला.

त्यानंतर माझी तार कापली गेली. पिंजरे आता कंपनीचे आहेत. त्यांत नवे, सडपातळ दिवे आहेत. ते आपोआप पेटतात आणि आपोआप विझतात, आणि त्यांना हवेचेही भय नाही. रानवेग कंपनीसाठी त्याच पिंजऱ्यांवर काम करते. बाहेरच्या पिंजऱ्यात पुन्हा चंदेरी मासे गोल फिरतात. मला मोडीत घालायचे ठरले होते, पण हिल्मारने मला इथे, आपल्या कोठीत, खिळ्याला अडकवले. शिंपल्यांचे वळ त्याने खरवडले नाहीत. स्टुर्ला अजून परत आलेला नाही. तो येणार नाही. हे आता त्या घरात बोलले जाते.

मित्रांनो, मी दिवा आहे, म्हणून दिवे लावू नका, असे मी कसे म्हणू? पण ज्यांना रात्रीवरून आपले दिवस मोजायचे असतात, त्यांच्यासाठी थोडी रात्र शिल्लक ठेवा. आणि एखाद्या घरी असाच एक दिवा जळत राहिलेला दिसला, तर पायरीवर भांडे ठेवून परत फिरू नका. दार वाजवा. आत जाऊन बसा. कॉफी उकळेपर्यंत बसा. आणि मग विचारा, की हा दिवा आता आम्ही घेऊ का? ती व्यक्ती कदाचित तुमचीच वाट पाहत असेल.